दौंडच्या रसिकांचे कान

आमच्या वेळी दौंडमध्ये ज्याला स्वतःला काही येत नव्हतं, पण दुसऱ्याचं चुकलेलं मात्र लगेच कळायचं, अशा माणसाला रसिक म्हणत. असे रसिक गावात दहा-अकरा होते. रोज संध्याकाळी स्टेशनजवळच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ते बाकांवर बसत. पेशंट उभे राहत.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मूळची शिरूरची, डी.एड. करून दौंडला प्राथमिक शाळेत नुकतीच लागलेली. रेल्वेतून रिटायर झालेल्या एका फिटरच्या घरी मागची खोली भाड्यानं घेतली होती. दोरीवर पांढरं पातळ वाळत घातलं की शेडमधल्या इंजिनांची काजळी त्यावर ठिपक्याठिपक्यांनी बसायची, म्हणून मी रंगीत पातळं नेसायला लागले. पहिलीची पंचावन्न पोरं एका वर्गात. महिन्याभरात माझा घसा बसला आणि मी त्या दवाखान्यात गेले. सोबत रजेचा अर्ज लिहून नेला होता, डॉक्टरांची सही लागणार होती. त्यांनी घसा नीट पाहिलाही नाही. अर्जाकडेच बघत राहिले.

“अक्षर कुणाचं हे?”

मी म्हटलं, माझं. त्यांनी अर्ज बाकावरच्या मंडळींमध्ये फिरवला. माझ्या घशासाठी लाल औषधाची बाटली मिळाली आणि मंडळाची पत्रं लिहायचं कामही मिळालं. मंडळाला नाव होतं, छापील लेटरहेड होतं, रबरी शिक्का होता. नव्हतं ते फक्त अक्षर.

बसायला मला कंपाउंडरच्या खिडकीखालचं स्टूल मिळालं. मी शिरूरच्या बौद्ध वस्तीतली आहे हे डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यांनी ते फार समजूतदारपणे घेतलं. म्हणाले, तुमच्याकडे जलसे असतात, ते प्रबोधनाच्या दृष्टीनं उत्तमच. पण हे संगीत वेगळं, याला कान तयार करावा लागतो. मी मान डोलावली. माझा बाप वीस वर्षं जलशात ढोलकी वाजवत होता हे सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि कान तयार करायला बसले.

डॉक्टरांकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि त्यावर भरतकामाचं आच्छादन होतं. सुई ठेवायचा मान त्यांचा एकट्याचा. गाण्यात एखादी अवघड जागा यायच्या जरा आधीच ते बोट वर करत, म्हणजे ती जागा त्यांना आधीपासून माहीत होती हे सगळ्यांना कळावं. जागा येऊन गेली की ते डोळे मिटत आणि मग सगळे डोळे मिटत. औषध घ्यायला आलेली एखादी बाई ते बघून घाबरायची.

त्यांच्या खालोखाल मान मालगाडीच्या एका गार्डसाहेबांचा. ते नाट्यपदं गात. त्यांची तान त्यांच्या गाडीसारखीच होती, लांबलचक, आणि स्टेशन दिसायला लागलं की बाहेरच्या सिग्नलला उभी राहणारी. मग ते खोकत आणि म्हणत, इथून पुढं अशीच समजा. रेल्वेचा पास असल्यामुळे पुण्या-नगरला लागलेली सगळी नाटकं त्यांनी पाहिलेली असत. कोणत्या नटाला कुठे दम लागला, कोणत्या बाईचं पद दुसऱ्या अंकात कसं पडलं, हे ते अपघाताची बातमी सांगावी तसं सांगत.

मंडळाचा खरा धंदा म्हणजे पात्रयोजना. कुठल्याही नाटकाचा सिनेमा निघणार असो वा नसो, मंडळ तो काढायचं. या नटाचे डोळे, त्याचा गळा, तिसऱ्याची उंची, असं जोडत जोडत रोज एक सिनेमा तयार व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी मोडायचा. त्यावरून दोन शिक्षकांनी एकमेकांशी सहा महिने अबोला धरला होता. ज्या सिनेमावरून धरला तो कुणी कधी काढलाच नाही.

मला हे सगळं आवडायचं, हेही सांगून टाकते. खोलीवर जाऊन एकटीनं भाकरी थापण्यापेक्षा बरं होतं. शिवाय शिकलेली माणसं माझ्यादेखत मोठमोठ्या माणसांच्या चुका काढत, त्यात मलाही आपण उंच झाल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी सगळी चर्चा एकाच नाटकाची होती. एका गवयाच्या मुलीचं ते संगीत नाटक. बाप आजारी पडतो, मुलगी त्याच्या जागी दरबारात गायला उभी राहते, सरदार तिला मागणी घालतो आणि ती नकार देते. गोष्टीत काही दम नव्हता. पण चौदा पदं होती आणि चौदाही पदं एकच बाई म्हणायची. बाईंची चाळिशी उलटलेली होती. सावळ्या, अंगानं भरलेल्या, आणि भूमिका सोळा वर्षांच्या मुलीची. त्या गायला लागल्या की वय विसरायला होतं, असं मंडळातला प्रत्येक जण म्हणायचा. विसरत मात्र कुणी नव्हतं. तिसऱ्या अंकात उठताना बाई तंबोऱ्याचा टेकू घेतात, हा डॉक्टरांचा आवडता विनोद होता. बाईंना दरबारात न्यायचं तर दोन मेणे लागतील, हा गार्डसाहेबांचा.

रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये कंपनी आली तेव्हा मी ते नाटक बायकांच्या बाजूला बसून पाहिलं. तिसऱ्या अंकात एक संथ पद आहे. बाई एका शब्दावर असताना शेडमधल्या इंजिनानं शिट्टी दिली, लांब आणि कर्कश. दुसरी कुणी असती तर आवाज चढवला असता. बाई थांबल्या. शिट्टी पुरती संपू दिली आणि शब्द जिथं ठेवला होता तिथूनच उचलला. माझ्या शेजारची बाई रडत होती, मीही रडले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी हे सांगायला गेले, तर डॉक्टर म्हणाले, ते ठीक, पण त्या शब्दावर त्या कोमल स्वराला जरा कमी लागल्या. मग मलाही तसं वाटायला लागलं.

थोड्याच दिवसांत सिनेमाच्या एका साप्ताहिकात बातमी आली, त्या नाटकाचा सिनेमा निघणार. दवाखान्यात दोन महिने दुसरं काही बोललं गेलं नाही. मुलीच्या भूमिकेत बाईच हव्यात असं सुरुवातीला कुणाचंच म्हणणं नव्हतं. उलट, कॅमेऱ्यात मावतील का, यावर हसून झालं. नंतर बातमी आली की मुंबईची एक नवी, एकोणीस वर्षांची नटी घेतली. त्या संध्याकाळपासून डॉक्टर बाईंचे कैवारी झाले. कलेला वय नसतं, म्हणाले. देहाकडे बघणारे ते रसिक नव्हेत, म्हणाले. गार्डसाहेबांनी मान डोलावली. मेण्यांचा विनोद बंद झाला.

सिनेमा पुण्यात लागला तेव्हा मंडळाचे सात जण रविवारी सकाळच्या गाडीनं गेले. मला त्यांनी बोलावलं नाही आणि सात पुरुषांबरोबर मी गेलेही नसते. गाडी केडगावला पाऊण तास अडकली. थिएटरात पोचेपर्यंत नावांच्या पाट्या होऊन गेल्या होत्या आणि पहिलं गाणं अर्ध्यावर आलं होतं. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि काही बिघडलं नाही असंही सांगितलं. नावं कशाला वाचायची, कान आहेत ना, असं डॉक्टर म्हणाले.

चौदा पदांपैकी सिनेमात दोनच ठेवली होती. बाकीची गाणी नवी, मुंबईच्या एका नामांकित गायिकेची. ती रेडिओवर लागायची, त्यांच्या तबकड्याही निघाल्या. ही दोन पदं मात्र तबकडीवर आली नव्हती. ती कुणी म्हटली याबद्दल मंडळात शंकाच नव्हती. कुणीतरी नवशिकी पोरगी. आवाज कोवळा, ताना कापलेल्या, तीन मिनिटांत उरकलेलं. बाईंचा घोर अपमान. साप्ताहिकाला पत्र गेलंच पाहिजे असं ठरलं आणि सोमवारी शाळा सुटल्यावर मला बोलावणं आलं.

डॉक्टर सांगत होते, मी लिहीत होते. सांगता सांगता ते ‘संगीताची विटंबना’ या शब्दांपाशी अडकले. पुढं काहीतरी झणझणीत हवं, म्हणाले. कुणाला सुचेना. मला सुचलं. मी सिनेमा पाहिला नव्हता, ती पदं ऐकली नव्हती. तरी सुचलं आणि मी ते लिहून मोठ्यानं वाचलं: “ही गाणारी कोण, हे आम्हांस ठाऊक नाही, पण गाण्यापूर्वी तिने एकदा जरी बाईंना ऐकले असते, तरी तोंड उघडण्याचे धाडस केले नसते.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. गार्डसाहेबांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. कुणीतरी सरकून बाकावर जागा केली आणि म्हणालं, स्टुलावर कशाला अवघडता. मी बाकावर बसले. एवढ्यासाठी मी ते लिहिलं होतं की काय, ते आज सांगता येत नाही, पण बसल्यावर फार बरं वाटलं हे पक्कं आठवतं.

पत्र चौकटीत छापून आलं. खाली अकरा जणांची नावं होती. माझं नव्हतं. शाळेतल्या बाईचं नाव सिनेमाच्या अंकात येणं बरं दिसत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. अंक दवाखान्यात काचेखाली ठेवला गेला आणि डोकं दुखतं म्हणून आलेल्या माणसालाही तो वाचावा लागे.

दोन-तीन महिन्यांनी तो सिनेमा शिरूरला तंबूत आला. मी सुट्टीला घरी होते. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन गेले. आप्पा बांधकाम खात्यात मैलकुली होते. नगर रस्त्यावरचे खड्डे भरणं, बाजूच्या झाडांना पाणी घालणं हे काम. जलशाची ढोलकी त्यांनी हात थरथरायला लागले तेव्हा सोडली होती. त्या नाटकाची कंपनी एकदा शिरूरच्या बाजार मैदानात आली होती. आप्पांनी कनातीच्या बाहेर, दगडावर बसून तिन्ही रात्री नाटक ऐकलं होतं. पाहिलं कधीच नव्हतं.

तंबूतली प्रत गावोगाव फिरून झिजलेली होती. सुरुवातीचा तुकडाच गायब, नावं नाहीत, एकदम गवयाचं घर दिसायला लागलं. नटी दिसायला गोड होती. तिनं तंबोरा घेतला आणि ते संथ पद सुरू झालं. मी दौंडहून शिकून आले होते तशी ओठ मुडपून बसले. आप्पा पुढं झुकले.

“ही ती कनातीतली बाई हाय,” ते म्हणाले.

मी त्यांना समजावलं की पडद्यावर दिसते ती नटी वेगळी आणि नाटकातल्या बाई वेगळ्या.

“ते कळतंय मला. गानारीचं म्हनतोय. पट्टी वर नेलीया, आवाज बारीक केलाय. पर बाई तीच हाय. शब्द पुरा झाल्याबिगर दम घेत न्हाई ती.”

“आप्पा, दौंडला आमच्याकडं गाण्यातले जाणकार आहेत,” मी म्हटलं. “त्यांनी सगळ्यांनी नीट ऐकलंय. हा आवाज तिचा नाही.”

“असंल,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी उरलेला सिनेमा पाहिला. वाटेत घोडनदीचं पाणी किती आटलंय त्याबद्दल बोलले, गाण्याबद्दल बोलले नाहीत.

खरं सांगायचं तर त्या पदाच्या दुसऱ्या ओळीला माझ्याही मनात काहीतरी हललं होतं. पण माझं वाक्य छापून आलं होतं. छापून आलेल्या वाक्यापुढं कान काय करणार.

दौंडला परतल्यावर मी ही हकिगत गार्डसाहेबांना गंमत म्हणून सांगितली. त्यांनी विचारलं, वडील काय करतात. मी सांगितलं, बांधकाम खात्यात, रस्त्यावर असतात. ते म्हणाले, मग रस्त्यावरचं गाणं बरोबर ओळखत असतील. बाकावरचे सगळे हसले. मीही हसले, आणि मोठ्यानं हसले.

त्याच हिवाळ्यात कंपनी सोलापूरकडे जाणार असल्याचं कळलं आणि मंडळानं ठरवलं, बाईंना वाटेत उतरवून घ्यायचं आणि जाहीर सत्कार करायचा. सिनेमावाल्यांनी केलेल्या अन्यायाची भरपाई दौंड करणार होतं. पत्र मीच लिहिलं. बाईंचं दोन ओळींचं उत्तर आलं, रविवारी दुपारी येते, संध्याकाळच्या पॅसेंजरनं पुढं जाईन.

त्या आल्या तेव्हा मला प्रथम ओळखूच आल्या नाहीत. साधं सुती नऊवारी, पायांत चामडी चपला, हातात कापडी पिशवी, बरोबर कंपनीतले म्हातारे पेटीवाले. इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं जमली होती. शाल झाली, नारळ झाला, आणि डॉक्टर बोलायला उभे राहिले.

ते अर्धा तास बोलले. त्यातली पाच मिनिटं बाईंवर आणि बाकीची त्या सिनेमातल्या आवाजावर. त्या आवाजाला स्वर नाही, तपश्चर्या नाही, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात गावं तसं ते गाणं. मग त्यांनी काचेखालून काढून आणलेला अंक खिशातून बाहेर काढला आणि पत्र वाचून दाखवलं. माझ्या वाक्यापाशी आवाज चढवला. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेच्या कडेला बसले होते आणि मान खाली घालून टाळ्यांचा माझा वाटा घेतला.

बाई उठल्या. माइकवाल्याला त्यांनी खुणेनं माइक बाजूला घ्यायला सांगितलं. शालीबद्दल आभार मानले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “ती दोन्ही पदं मीच म्हटली आहेत.”

हॉलमध्ये काही क्षण कुणाला अर्थ लागला नाही. बाईंनी मग सावकाश सगळं सांगितलं. निर्मात्याला पडद्यावर त्या नको होत्या, ते त्यांनाही पटलं होतं. पण दोन पदं तरी आपल्या गळ्यातली राहावीत म्हणून त्यांनी स्वतः जाऊन विचारलं. संगीतकारानं अट घातली, सोळा वर्षांच्या मुलीसारखा आवाज लागला पाहिजे, तान नको, पट्टी दोन स्वर वर. त्यांनी महिनाभर पहाटे उठून तसा आवाज लावायचा सराव केला. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी अकरा वेळा म्हणून घेतलं, तेव्हा पसंत पडलं. पाटीवर त्या नामांकित गायिकेच्या नावाखाली त्यांचंही नाव होतं. दुसऱ्या एका सिनेमात आणखी चार पदं देऊ असं त्याच निर्मात्यानं कबूल केलं होतं. नंतर एक दिवस त्यानं त्यांना बोलावून एक कात्रण दाखवलं. म्हणाला, बाहेरगावच्या लोकांना तुमचा आवाज आवडलेला दिसत नाही. ती पदं दुसरीला मिळाली.

“कात्रण तुमचंच होतं,” बाई म्हणाल्या. “त्यातलं एक वाक्य मला पाठ झालंय.” आणि त्यांनी ते म्हटलं. पदाचा शब्द टाकावा तसं, कुठंही न अडखळता, शेवटपर्यंत एका दमात.

डॉक्टर व्यासपीठावरच होते. ते लालेलाल झाले होते. उठून उभे राहिले, घसा साफ केला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “ते वाक्य आमच्या या शिक्षिकाबाईंचं. अक्षरही त्यांचंच. आम्ही नुसत्या सह्या केल्या.”

सगळा हॉल माझ्याकडे वळला. बाईंनीही पाहिलं. मला वाटलं त्या काही बोलतील. त्यांनी विचारलं, “तुम्ही सिनेमा कुठे पाहिलात?”

मी म्हटलं, शिरूरला.

“तिथं कधी लागला?”

मी महिना सांगितला. त्यांनी मनात हिशेब केला असावा, कारण पत्राचा महिना त्यांना माहीत होता. मी लिहिलं तेव्हा ऐकलं नव्हतं, हे त्यांना कळलं आणि ते कळल्याचं मला कळलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. पेटीवाल्यांकडे बघून म्हणाल्या, चला, एक पद म्हणू, लोक आलेत. आणि तेच संथ पद त्यांनी आधी नाटकातल्यासारखं म्हटलं, मग दोन स्वर वर नेऊन सिनेमातल्यासारखं. लोकांना मजा वाटली, टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी जागा येण्याआधी बोट वर केलं नाही, एवढाच काय तो परिणाम.

पोहे झाले, चहा झाला. मंडळी सिनेमाचा विषय टाळून सोलापूरच्या थंडीबद्दल बोलत होती. मी स्टेशनवर गेले. बाई बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, पेटीवाले तिकिटं बघत होते. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं.

“माफी काय करू घेऊन,” त्या म्हणाल्या. “ते पत्र नसतं तर दुसरं काहीतरी सापडलं असतं त्यांना. पण ते दुसरं नव्हतं. हेच होतं.”

मग त्यांनी मला पाण्याचा तांब्या भरून आणायला सांगितला. मी आणला. गाडी आली, त्या चढल्या. खिडकीशी बसल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम टाळलं असंही नाही, समोरच्या बाईशी जागेवरून काही बोलत होत्या.

मंडळ या घटनेतून आठ दिवसांत सावरलं. पहिल्या दिवशी ठरलं, ध्वनिमुद्रण वाईट होतं. तिसऱ्या दिवशी गार्डसाहेबांना आठवलं की त्यांना पुण्यातच संशय आला होता, पण डॉक्टरांचा मान राखायचा म्हणून ते बोलले नाहीत. आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मी ओळखलंच होतं. बाईंनी आपल्या तोंडून जाहीर करावं म्हणून तर मी सत्कार घडवून आणला. हे कुणालाही हास्यास्पद वाटलं नाही. पुढं पुढं तीच हकिगत दौंडची मोठी घटना म्हणून बाहेरगावच्या लोकांना सांगितली जाऊ लागली, सत्काराचा फोटो काचेखाली गेला, आणि त्या गोष्टीत एक खोडसाळ शिक्षिका असायची, जिनं न विचारता पत्रात वाक्य घुसडलं होतं. मी साप्ताहिकाला माझ्या नावानं खुलासा पाठवला. तो छापला नाही. दवाखान्यात मी परत गेले नाही. घसा बसला की मिठाच्या गुळण्या करायची.

बाईंना सिनेमात पुन्हा गाताना कुणी ऐकलं नाही. तीन-चार वर्षांत कंपनीही बंद झाली. त्या नगरकडे कुठंतरी मुलींना गाणं शिकवतात असं एकदा कानावर आलं, तेही नक्की नाही.

सत्कारानंतरच्या शनिवारी मी एस.टी.नं शिरूरला गेले आणि आप्पांना सगळं सांगितलं. ते दारात बसून कुदळीला नवा दांडा बसवत होते. मी म्हटलं, तुमचंच बरोबर होतं. त्यांनी पत्रात काय लिहिलं होतं ते विचारलं. मी ते वाक्य सांगितलं. मग गार्डसाहेब काय म्हणाले आणि मी कशी हसले तेही सांगून टाकलं. लपवता आलं असतं. त्यांनी दांडा ठोकून पक्का केला, कुदळ हातात तोलून पाहिली आणि उठून आत ठेवून आले.

त्याआधी माझ्या लहानपणापासून आमच्या घरी एक गोष्ट ठरलेली होती. शेजारच्या रेडिओवर गाणं लागलं की आप्पा काम थांबवून म्हणायचे, ही अमकी, बघ, हिचा दम कुठं सुटतोय; हा तमका, ताल अंगात हाय पर ह्याला घाई लई. त्या दिवशीही संध्याकाळी रेडिओ लागला. एक बाई गात होती. मला आवाज ओळखता येईना. मी विचारलं, “आप्पा, ही कोण?”

“तुमाला म्हाईत असंल,” आप्पा म्हणाले.

मला त्यांनी जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं. रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. ते अगदी सहज म्हणाले, साहेबाला म्हणावं तसं. पुढं ते अकरा वर्षं जगले, माझ्या लग्नात नाचले, माझ्या पोरांना मांडीवर घेऊन बोटांनी ठेका धरायला शिकवला. कोण कसं गातं, हे मात्र त्यांनी मला परत सांगितलं नाही. मी दोन-चार वेळा विचारलं. मग विचारायचंही सोडलं.